गृहकर्ज काढून घर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बावीस वर्षं मी पुण्यात एका बँकेच्या गृहकर्ज विभागात फायली तपासल्या. घरासाठी आयुष्यभराची बचत ओतणाऱ्या माणसांना बँकेच्या कामाची पद्धत कोणी नीट समजावून सांगत नाही, हे तिथे रोज दिसायचं. लोक जे प्रश्न विचारायचे, आणि जे विचारायला हवे होते पण विचारत नव्हते, ते दोन्ही इथे एकत्र केले आहेत. आकडे आणि नियम महाराष्ट्रातले आहेत.

आधी घर शोधायचं की आधी बँकेत जायचं?

आधी बँकेत जा. घर आवडलं की मन घाई करतं, एजंट सांगतो की दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आणि माणूस टोकन, म्हणजे विसाराची रक्कम, देऊन मोकळा होतो. तुमच्या उत्पन्नावर किती कर्ज बसतं हे बँक घर न बघताही सांगू शकते. पगारपत्रकं, फॉर्म १६, सहा महिन्यांचं खात्याचं स्टेटमेंट, आणि धंदा असेल तर दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं घेऊन जा. तो आकडा हातात घेऊन घर शोधायला निघालात की निम्मी घरं आपोआप यादीतून जातात, आणि तेच बरं.

मला किती कर्ज मिळेल?

बँक दोन बाजूंनी हिशेब करते आणि त्यातली कमी रक्कम देते. एक बाजू तुमच्या उत्पन्नाची. चालू कर्जांचे हप्ते आणि नवा हप्ता मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यापुढे जाऊ नयेत, असं बहुतेक बँका बघतात. गाडीचा किंवा मोबाईलचा हप्ता चालू असेल तर तोही यात धरला जातो.

दुसरी बाजू घराच्या किमतीची. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि ७५ लाखांवर ७५ टक्के इतकंच कर्ज देता येतं. उरलेली रक्कम तुमची. बँकेच्या भाषेत ती 'मार्जिन मनी'. ती विक्रेत्याला दिल्याच्या पावत्या दाखवल्याशिवाय बँक आपला चेक काढत नाही.

म्हणजे खिशातून नेमके किती लागतील?

इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून उदाहरणच घेऊ. पुणे महापालिका हद्दीतला ५० लाखांचा फ्लॅट. कर्ज ८० टक्के, म्हणजे ४० लाख. तुमचे १० लाख. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घराच्या किमतीत धरली जात नाही, त्यामुळे त्यावर कर्ज नाही. पुण्यात अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. (मुंबईत ६ टक्के. घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत.) नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांपेक्षा जास्त नाही. इथेच १३ लाख ८० हजार झाले.

बांधकाम चालू असेल तर जीएसटी ५ टक्के, म्हणजे आणखी अडीच लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. त्यावर प्रक्रिया शुल्क, वकिलाची फी, एजंट असेल तर त्याची दलाली, रिसेल असेल तर सोसायटीची हस्तांतर फी. जीएसटी नसलेल्या पन्नास लाखांच्या घरालाही पंधरा-सोळा लाख रोकड तयार हवी, असं मी प्रत्येकाला सांगत आलो. दहा लाख घेऊन निघालेली माणसं मग वैयक्तिक कर्ज काढतात किंवा घरातलं सोनं गहाण ठेवतात, आणि पहिली दोन वर्षं दोन-दोन हप्त्यांखाली काढतात.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायची जबाबदारी खरेदीदाराची असते. हा जादा खर्च नाही, विक्रेत्याला द्यायच्या पैशातूनच कापायचा असतो. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर मात्र नियम वेगळा आणि दर बराच जास्त. तिथे सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

विक्रेता काही रक्कम रोख मागतोय. काय करू?

नाही म्हणा. कर्ज करारनाम्यातल्या किमतीवर मिळतं, त्यामुळे रोखीचा भाग पूर्णपणे तुमच्या खिशातून जातो. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यालाही चालत नाही. शिवाय व्यवहार फिसकटला तर त्या पैशांचा कागदोपत्री मागमूस नसतो.

सिबिल स्कोअर किती हवा?

आधीची कर्जं आणि कार्डाची बिलं तुम्ही कशी फेडली यावरून ठरणारा हा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो. ७५० च्या पुढे असेल तर बोलणी सोपी होतात आणि बऱ्याच बँकांत व्याजदरही थोडा कमी लागतो. अर्जाच्या तीन-चार महिने आधी आपला अहवाल स्वतः काढून बघा. वर्षातून एकदा तो मोफत मिळतो आणि स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. क्रेडिट कार्ड बंद करताना राहिलेले दोन-तीनशे रुपये वर्षानुवर्षं 'थकीत' म्हणून दिसतात आणि त्यावर लाखांचं कर्ज अडतं, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्जही टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते.

मंजुरीपत्र हातात आलं. कर्ज पक्कं झालं ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मंजुरीपत्र तुमच्याबद्दल असतं, घराबद्दल नसतं. घराची तपासणी त्यानंतर होते आणि ती दोन प्रकारची. 'लीगल' म्हणजे बँकेच्या पॅनेलवरचा वकील मागच्या साधारण तीस वर्षांचा शोध घेतो: जमीन कोणाची होती, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर कोणती नावं आणि कोणता बोजा (कर्ज किंवा दुसऱ्याचा हक्क) आहे, बिनशेती परवानगी आहे का, एका मालकाकडून दुसऱ्याकडे आलेली करारनाम्यांची साखळी कुठे तुटते का. 'टेक्निकल' म्हणजे मूल्यांकनकर्ता प्रत्यक्ष जाऊन बघतो की बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे का आणि किंमत किती धरावी. त्याने किंमत कमी धरली तर कर्जही तेवढंच कमी होतं.

एक जोडपं आठवतं. सिंहगड रोडवरचा रिसेल फ्लॅट, मंजुरीपत्र मिळालेलं, आणि त्या भरवशावर दोन लाखांचं टोकन दिलेलं. विकणारे गृहस्थ तिसरे मालक. लीगलला फाईल गेली तेव्हा कळलं की पहिल्या मालकाचा बिल्डरबरोबरचा मूळ करारनामाच नाही, नुसती झेरॉक्स आहे, तीही शेवटचं पान नसलेली. मग पोलिसांत हरवल्याची तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत. यात सात आठवडे गेले. टोकन पावतीवर लिहिलेलं होतं की व्यवहार ४५ दिवसांत पूर्ण न झाल्यास रक्कम परत मिळणार नाही. कागद हरवला विकणाऱ्याकडून, पैसे गेले घेणाऱ्यांचे. ती बाई माझ्या टेबलासमोर पावती उलटीसुलटी करून वाचत होती, मागच्या बाजूला तरी काही लिहिलं असेल म्हणून.

म्हणून विसार पावतीत ही ओळ घालूनच घ्या: 'मिळकतीच्या कागदपत्रांतील त्रुटीमुळे किंवा बँकेने मिळकतीवर कर्ज नाकारल्यामुळे व्यवहार पूर्ण न झाल्यास विसार रक्कम कोणतीही कपात न करता परत केली जाईल.' विक्रेता ही ओळ घालायला तयार नसेल तर त्याला काहीतरी ठाऊक आहे असं समजा. आणि टोकन द्यायच्या आधी मूळ कागद डोळ्यांनी बघा, व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवर समाधान मानू नका.

बँकेचा वकील कागद तपासतोच. मी वेगळा वकील कशाला करू?

कारण तो बँकेचा वकील आहे. त्याचा अहवाल बँकेसाठी असतो आणि बरेचदा तुम्हाला त्याची प्रतही मिळत नाही. बँकेला बघायचं असतं की कर्ज थकलं तर हे घर विकून पैसे वसूल होतील का. पार्किंग तुमच्या नावावर आहे का, सोसायटीचं अभिहस्तांतरण (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, मोठ्या दुरुस्तीची वर्गणी डोक्यावर आहे का, शेजारच्या प्लॉटवरून जाणाऱ्या रस्त्याचा वाद आहे का, हे तुमचे प्रश्न आहेत. पन्नास लाखांच्या व्यवहारात स्वतःच्या वकिलाला दिलेली फी हा सगळ्यात योग्य खर्च आहे. 'या प्रकल्पाला सगळ्या बँकांची मान्यता आहे' हे वाक्यही त्याच मापाने मोजा.

घरावर विक्रेत्याचं आधीचं कर्ज चालू आहे. घ्यावं का?

घ्यायला हरकत नाही. शहरातल्या बऱ्याच रिसेल घरांवर कर्ज असतंच. उलट मूळ कागद बँकेच्या तिजोरीत सुरक्षित आहेत हे कळतं. फक्त पैशांचा रस्ता चुकता कामा नये.

विक्रेत्याने त्याच्या बँकेकडून दोन पत्रं आणायची. एक, आजच्या तारखेला कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल त्याचं. दुसरं, बँकेकडे कोणकोणते मूळ कागद जमा आहेत त्यांची यादी. या यादीला बँकेत 'एलओडी' म्हणतात. तुमच्या वकिलाने ती ओळीने तपासायची. करारनामा नोंदवला की तुमची बँक पहिला चेक विक्रेत्याच्या नावाने न काढता थेट त्याच्या बँकेच्या नावाने, कर्जखात्याचा क्रमांक घालून काढते. ते कर्ज बंद झालं की मूळ कागद तुमच्या बँकेकडे येतात आणि उरलेली रक्कम विक्रेत्याला मिळते.

यात मध्ये पंधरा-वीस दिवस असे जातात की विक्रेत्याला वाटतं घर गेलं आणि पैसे आले नाहीत, आणि तुम्हाला वाटतं पैसे गेले आणि कागद आले नाहीत. दोघांनी हे आधीच समजून घेतलं तर भांडणं होत नाहीत. विक्रेता म्हणाला, 'मला आधी वीस लाख द्या, मी कर्ज फेडून कागद आणतो', तर ती रक्कमही त्याच्या कर्जखात्यातच भरा. त्याच्या बचत खात्यात नको.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला कर्ज कसं मिळतं?

टप्प्याटप्प्याने. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हा रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचा नियम आहे. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्याप्रमाणे करारानंतर एकूण ३० टक्के, जोतं पूर्ण झाल्यावर ४५, स्लॅब झाल्यावर ७०, असं करत शेवटचा भाग भोगवटा प्रमाणपत्र आणि ताब्याच्या वेळी द्यायचा असतो. बिल्डरचं मागणीपत्र आलं की आधी साइटवर जाऊन बघा, मग बँकेला पैसे सोडायला सांगा.

पूर्ण कर्ज उचललं जाईपर्यंत बँक फक्त दिलेल्या रकमेवरचं व्याज घेते, ते म्हणजे 'प्री-ईएमआय'. त्यात मुद्दल एक रुपयाही कमी होत नाही. ताबा दोन वर्षं लांबला तर तितका काळ भाडंही भरा आणि व्याजही भरा. झेपत असेल तर पूर्ण ईएमआय लगेच सुरू करायला सांगा.

'ताबा मिळेपर्यंत हप्ता बिल्डर भरणार' अशी जाहिरात असेल तर लक्षात ठेवा, कर्ज तुमच्या नावावर आहे. बिल्डरने भरणं थांबवलं तर बँक तुमच्या दारात येते आणि सिबिल तुमचा बिघडतो. महारेराच्या (या कायद्याखालच्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे ते बघा.

व्याजदर फ्लोटिंग घ्यावा की फिक्स्ड?

बहुतेकांना फ्लोटिंग. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या मानदंडाशी जोडावी लागतात. बहुतेक ठिकाणी तो रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, असतो. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही, त्या स्वतःच्या दराप्रमाणे चालतात. दर खाली येताना हा फरक चांगलाच जाणवतो.

दर वाढला की बँक बरेचदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते. खात्यातून तेवढीच रक्कम जात असते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. माझ्या धाकट्या भावाच्या कर्जाची सोळा वर्षं उरली होती, ती पंचवीसच्या वर गेली. त्याच्या बँकेकडून आलेला एसएमएस त्याने जाहिरात समजून पुसून टाकला होता. आता अशा बदलाच्या वेळी हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय बँकेने कर्जदाराला द्यायचा आहे. दर सहा महिन्यांनी खात्यावरची 'उरलेली मुदत' बघा. आणि तुमची बँक नव्या ग्राहकाला तुमच्यापेक्षा कमी दर देत असेल तर रूपांतर शुल्क भरून दर कमी करून मागा. न मागता तो कोणी देत नाही.

वर्षभर हप्ते भरले, तरी कर्ज जवळपास तेवढंच कसं?

४० लाख, २० वर्षं, ८.५ टक्के असं धरू. हप्ता ३४,७१३ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २८,३३३ व्याजाला जातात आणि मुद्दलात फक्त ६,३८०. वर्षभरात तुम्ही चार लाख सतरा हजारांच्या आसपास भरता, कर्ज कमी होतं ८० हजारांच्या आतबाहेर. वीस वर्षांत एकूण व्याज ४३ लाखांच्या वर जातं. हेच कर्ज १५ वर्षांचं केलं तर हप्ता ३९,३९० आणि व्याज ३१ लाखांच्या जवळ.

सुरुवातीच्या वर्षांत भरलेला जादा पैसा म्हणूनच फार मोठं काम करतो. वरच्याच कर्जात पहिल्या वर्षाच्या शेवटी दोन लाख जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर साधारण २६ हप्ते कमी होतात, म्हणजे सात लाखांच्या आसपास व्याज वाचतं. बोनस, एखादी मुदत संपलेली ठेव, गावच्या जमिनीचा वाटा, जे येईल ते पहिल्या पाच-सात वर्षांत कर्जात घाला. मात्र सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला ठेवूनच. अर्ज देताना 'मुदत कमी करा' असं स्पष्ट लिहा, नाहीतर काही ठिकाणी हप्ता कमी केला जातो.

बँक म्हणते विमा घ्यावाच लागेल. खरं का?

कर्जाबरोबर त्यांचाच जीवनविमा घ्यायची कायद्याने सक्ती नाही. एकरकमी हप्ता कर्जात मिसळून देतात आणि वीस वर्षं तुम्ही त्या हप्त्यावरही व्याज भरता. विमा हवाच, पण तो स्वतंत्र टर्म विमा घ्या. घराचा आगीचा आणि भूकंपाचा विमा ही वेगळी गोष्ट. ती बँकेची अट असू शकते आणि तो स्वस्तही असतो. सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते प्रत्येक किरकोळ कर्जाला द्यावं लागतं आणि त्यात सगळे खर्च धरून प्रत्यक्ष वार्षिक दर किती पडतो ते दिलेलं असतं.

घर गहाण आहे म्हणजे बँकेच्या मालकीचं आहे का?

नाही. मालक तुम्हीच. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ मध्ये गहाणाचे जे प्रकार आहेत, त्यात गृहकर्जाला साधारणपणे हक्काचे मूळ कागद जमा करून केलेलं गहाण असतं. महाराष्ट्रात त्याची सूचना, 'नोटीस ऑफ इंटिमेशन', ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. त्यामुळे त्या कार्यालयाची दस्तांची सूची, म्हणजे इंडेक्स, शोधणाऱ्या कोणालाही बोजा दिसतो. मूळ कागद बँकेत देताना प्रत्येकाचं नाव, तारीख आणि पानांची संख्या लिहिलेली पोच घ्या. तो एक कागद वीस वर्षं जपायचा आहे.

सहकर्जदार कोणाला करावं?

घरात ज्यांची नावं मालक म्हणून आहेत ते सगळे बँकेला सहकर्जदार म्हणून लागतात. उलटं मात्र खरं नाही. सहकर्जदार केलं म्हणून मालकी मिळत नाही. बायकोच्या पगारावर कर्ज वाढवून घेतलं आणि करारनाम्यात तिचं नावच नाही, अशा फायली माझ्याकडे खूप आल्या. ती हप्त्याला जबाबदार, पण घरावर हक्क नाही आणि करसवलतही नाही. मी प्रत्येक वेळी थांबवून विचारायचो. नाव करारनामा नोंदवायच्या आधीच घाला, नंतर घालायला वेगळा दस्त लागतो.

जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत आणि मुद्दलावर दीड लाखाच्या मर्यादेत सूट मिळते. नव्या प्रणालीत राहत्या घराला ही सूट नाही.

मी दुबईत नोकरी करतो. गावाकडे कर्जावर घर घेता येईल?

येईल. हप्ता एनआरई किंवा एनआरओ खात्यातून जातो. आईवडिलांना किंवा भावाला कुलमुखत्यारपत्र द्याल ते फक्त या व्यवहारापुरतं द्या, सरसकट नको. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे 'प्लॉट' म्हणून दाखवलेली जागा बिनशेती आहे का ते आधी बघा.

नोकरी गेली, हप्ता थकला तर?

पहिला हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा. हे मी मनापासून सांगतो, कारण लोक लाजेने फोन उचलत नाहीत आणि हातातला वेळ जातो. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खातं अनुत्पादक (एनपीए), म्हणजे बुडीत जाण्याच्या वाटेवरचं, ठरतं. मग सरफेसी कायदा २००२ खाली, म्हणजे बँकेला गहाण मिळकत ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी उत्तर देता येतं आणि बँकेला त्यावर १५ दिवसांत कारणं द्यावी लागतात. पुढची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. खातं अनुत्पादक ठरण्याआधीच्या तीन महिन्यांत मुदत वाढवणं, काही काळ फक्त व्याज भरणं असे मार्ग निघू शकतात. स्वतः घर विकून कर्ज फेडणं लिलावापेक्षा नेहमीच बरं.

कर्ज फिटलं. आता काय करायचं?

शेवटच्या हप्त्यानंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं आणि बोजा उतरवणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. जपून ठेवलेली पोच घेऊन जा आणि एकेक कागद पानं मोजून ताब्यात घ्या, करारनाम्याबरोबर मुद्रांक शुल्काची आणि नोंदणीची पावतीही आहे ना ते बघा. 'काही येणे नाही' असा दाखला घ्या. सरसाईच्या (गहाणांची देशभरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) नोंदवहीतला बोजा उतरल्याची खात्री करा. सोसायटीला पत्र देऊन त्यांच्या दप्तरातली बँकेची नोंद काढून घ्या, आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिकेच्या इतर हक्कांत बँकेचं नाव चढलं असेल तर तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात ते कमी करायचा अर्ज द्या. दोन महिन्यांनी सिबिल अहवाल काढून कर्जापुढे 'बंद' लिहिलंय का ते बघा.